तार षड्जाला गळा आवळतो

प्रश्न : मी १९ वर्षांची, कोल्हापूरला राजारामपुरीत राहते, गणपतीत मंडळाच्या ऑर्केस्ट्रात गाते. माझी पट्टी काळी चार, म्हणजे पेटीच्या सप्तकातली चौथी काळी पट्टी माझा षड्ज (सा). मोठा भाऊ काळी एकमध्ये पोवाडे गातो, तार षड्ज (वरचा सा) छातीतून सहज लावतो. व्हिडिओ बघून मीही बेल्टिंग करायला गेले, तर गळा आवळतो आणि दुसऱ्या दिवशी आवाज बसतो. माझा दम कमी पडतो का?

उत्तर : दमाचा काही संबंध नाही, बाळ. बोलण्याचा भरीव आवाज पातळ न करता त्याच्या हद्दीच्या वर न्यायचा, हे बेल्टिंग. भावाचा तार षड्ज या हद्दीच्या आतच आहे. त्याची परीक्षा तार गंधार-मध्यमाला, आवाज ढाला, म्हणजे जाड आणि खालचा, असेल तर आणखी आधी. बहुतेक बायकांचा आवाज मात्र काळी चारच्या धैवताच्या आसपासच भरीवातून पातळात पालटतो. म्हणजे षड्जाला पोचेपर्यंत तू हद्द ओलांडलेली असतेस. त्यातून गळा पातळ असेल, तर ढाल्या आवाजाच्या गायिकेचा भरीवपणा त्याच्याकडून मागू नकोस. तुझा षड्ज हलका पण टोकदार लागेल, तोच तुझा.

बाविसाव्या वर्षी मला स्टेजमागून सांगितलं गेलं, ‘अजून जोर लाव.’ मी लावला. पुढे तीन आठवडे पाटीवर लिहून बोलत होते. म्हणून कळवळून सांगते, जोर म्हणजे हवा नव्हे. बेल्टिंगमध्ये स्वरतंतू एरवीपेक्षा जास्त वेळ मिटलेले राहतात, हवा कमीच लागते. वर आणखी ढकललीस की ते एकमेकांवर आपटतात आणि सुजतात. रंकाळ्यावर लांबच्या मैत्रिणीला ‘अगं ए!’ अशी हाक मारून बघ. तोंड मोठं उघडतं, कंठ थोडा वर सरकतो. त्याला दाबून खाली धरू नकोस. तोच ‘ए’ पंचमावर धर, मग अर्धा-अर्धा स्वर चढ. रोज दहा मिनिटं, बास. उरलेला रियाज हलक्या आवाजात.

संगीत नाटकांतले गायक-नट केशवराव भोसले यांच्या काळी माइक नव्हता, शेवटच्या रांगेपर्यंत गळ्यानंच पोचावं लागे. तुझ्यापुढे माइक आहे, त्याच्याजवळ जा. आणि पट्टी उतरवायला लाजू नकोस. पांढरी चार घेतलीस, तर आजच्या धैवताच्या जागी तुझा तार षड्ज येतो.

सकाळी बोलताना आवाज खरखरला, तर त्या दिवशी गाणं बंद. खरखर दोन-तीन आठवडे टिकली, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना स्वरतंतू दाखव. गणपती होऊन जाईपर्यंत थांबू नकोस.