ताणांवर उभा असलेला जुना टॉवर ८० मीटर बँडवर अँटेना म्हणून वापरता येईल का?

वायरलेस इंटरनेटवाल्यांनी तुमच्या शेतात सोडून दिलेला १८ मीटरचा त्रिकोणी जाळीचा टॉवर आहे, त्याचा तळ काँक्रीटमध्ये आहे, तो हौशी रेडिओच्या ८० मीटर बँडवर (३.५ मेगाहर्ट्झच्या आसपास) वापरायचा आहे, आणि तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: तळाशी इन्सुलेटर बसवावाच लागेल का, आणि मॉडेल कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये करावे. पहिल्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. ताण (टॉवर उभा धरणाऱ्या तिरप्या तारा) ओढलेला टॉवर उचलून त्याच्याखाली इन्सुलेटर सरकवण्याचा खटाटोप कोणी सुचवला, तर त्याने तो आधी स्वतःच्या टॉवरवर करून दाखवावा. टॉवर अर्थ केलेलाच राहू द्यावा, त्यापासून हातभर अंतरावर एक वायर वरून खाली आणावी, वरच्या टोकाला ती टॉवरला जोडावी आणि खालच्या टोकाला कंडेन्सरमधून कोअॅक्सच्या (रेडिओकडून येणाऱ्या केबलच्या) मधल्या तारेला द्यावी. कोअॅक्सची जाळी टॉवरच्या तळाला. यालाच गॅमा मॅच म्हणतात. वायरचा इंडक्टिव्ह रिअॅक्टन्स (कंडेन्सरने रद्द करायचा तिचा विरोध) २०० ओहम निघाला, तर ३.५५ मेगाहर्ट्झला सुमारे २२५ पिकोफॅरड लागतात. जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतला गँग (फिरवता कंडेन्सर) १०० वॉटला कसाबसा तग धरतो, त्यापुढे नाही.

मॉडेलसाठी ईझीनेक घ्या. ते २०२२ पासून मोफत आहे. मात्र त्यातले नेक-२ हे गणनयंत्र जाड आणि बारीक तार एकत्र जोडली की चुकीची उत्तरे देते, आणि गॅमा मॅचमध्ये नेमके तेच असते. २५ मिलिमीटरचे पाय आणि ३० सेंटिमीटरची बाजू असलेला टॉवर एकाच जाड तारेने दाखवायचा झाला तर तिची त्रिज्या सुमारे १० सेंटिमीटर येते. त्याऐवजी तिन्ही पाय वेगळे, गॅमा वायरच्याच जाडीचे दाखवावेत आणि शेजारच्या तारांचे तुकडे समोरासमोर येतील असे पाडावेत. ताणही मॉडेलमध्ये घातलेच पाहिजेत. माथ्यापासून अँकरपर्यंत अखंड गेलेली पोलादी तार २० मीटरच्या आसपास असते, म्हणजे ८० मीटर बँडवर पाव तरंगलांबी, आणि ती टॉवरइतकाच प्रवाह वाहू शकते. विजेच्या खांबाच्या ताणात असतात तेच चिनी मातीचे अंडाकृती इन्सुलेटर घालून तिचे तुकडे करा. इन्सुलेटर फुटला तरी दोन्ही फास एकमेकांत अडकलेले राहतात, त्यामुळे ताण सुटत नाही.

आता खरा मुद्दा, जो तुम्ही विचारलेला नाही. मॉडेलमध्ये मिनिनेक प्रकारची जमीन निवडली, तर इम्पिडन्स (अँटेना केबलला दाखवते तो एकूण विरोध) काढताना जमीन आदर्श वाहक धरली जाते आणि पाव तरंगलांबीच्या टॉवरचे ३६ ओहम छान छापून येतात, मग खाली रेडियल (तळापासून चहूकडे जमिनीत पसरलेल्या तारा) असोत वा नसोत. आमच्या भागातले एक ज्येष्ठ हॅम (हौशी रेडिओ चालक), ज्यांना आम्ही सगळे सर म्हणतो, असाच एक छापील कागद घेऊन माझ्याकडे आले होते. माझ्या टॉवरला गॅमा वायर नुकतीच बसली होती, जमिनीत अर्थिंगच्या सळयांपलीकडे काहीही नव्हते, आणि तरीही बँडच्या जवळजवळ सगळ्या रुंदीत एसडब्ल्यूआर (केबल आणि अँटेना किती जुळतात याचे माप, आदर्श १) दीडच्या आत होता. सर म्हणाले, “आता हात लावू नकोस, यापेक्षा चांगली अँटेना होत नाही.” या उंचीची उभी अँटेना एवढा रुंद पट्टा झाकू लागली, तर आनंदाऐवजी शंका यायला हवी, असे माझे म्हणणे होते. त्यावर त्यांनी मला पुस्तकी म्हटले.

पेरणीपूर्वी मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून किलोवर घेतलेली वाइंडिंग वायर नांगराच्या तासांत टाकून मी माती ओढून घेतली. टोकाचे इनॅमल खरवडून एकेक रेडियल तळाच्या पट्टीला जोडत गेलो, तसा नॅनोव्हीएनएवर (अँटेना मोजण्याच्या छोट्या यंत्रावर) एसडब्ल्यूआरचा परातीसारखा पसरट असलेला आलेख अरुंद होत गेला, जुळणी ढळली, आणि गॅमा वायरचा वरचा जोड हलवावा लागला. सरांनी ते पाहिले आणि “चांगली अँटेना बिघडवलीस” असा निकाल देऊन निघून गेले. वस्तुतः बिघडले काहीच नव्हते. जमिनीत जिरणारा भाग कमी झाला होता, आणि तोटा कमी झाला की पट्टा अरुंद होतोच. ३६ ओहमांसोबत २० ओहमांचा तोटा असेल तर बेरीज केबलला हव्या असलेल्या पन्नासच्या जवळ येते, मीटर खूश होतो, आणि १०० पैकी ३६ वॉट माती तापवतात. एसडब्ल्यूआर हाच निकष मानला, तर डमी लोडएवढी (सगळी शक्ती उष्णतेत जिरवणाऱ्या चाचणीच्या रोधकाएवढी) उत्तम अँटेना नाही. रात्री जुना डायपोल (मध्यभागी केबल जोडलेली आडवी तारेची अँटेना) आणि टॉवर आळीपाळीने चालवून दूरच्या केंद्रांचे अहवाल ताडले, तेव्हा रेडियल टाकण्यापूर्वी मागे पडणारा टॉवर पुढे गेला होता. ते अहवाल सरांना पाठवले. त्यांनी वातावरणाचे कारण दिले.

आरसीए या अमेरिकन रेडिओ कंपनीच्या ब्राउन, लुईस आणि एप्स्टाईन यांनी १९३७ साली ११३ रेडियलपर्यंत मोजमापे करून हा प्रश्न निकालात काढला आहे. मध्यम लहरींच्या टॉवरखाली १२० रेडियल टाकण्याची प्रथा त्यातूनच आली. तुम्हाला इतके नकोत. तीनशे मीटर वायर असेल तर चार लांबलचक रेडियल करण्यापेक्षा दहा-दहा मीटरचे तीस करा. “चार पुरतात” असे कोणी सांगितले, तर त्याला तोट्याचा आकडा विचारा.

हेही सांगितले पाहिजे की संध्याकाळी नागपूर, कोल्हापूर, गोवा एवढ्याच गप्पा मारायच्या असतील, तर यातले काहीच करू नका. कमी उंचीचा डायपोल लहरी सरळ वर सोडतो आणि जवळच्या अंतराला तोच जिंकतो. टॉवर दूरच्या केंद्रांसाठी. ताणांत इन्सुलेटर घालताना एका वेळी एकच ताण सोडा, तोही तात्पुरता दोर बांधून. प्रक्षेपण चालू असताना गॅमा वायरला हात लागला तर भाजते, म्हणून गुरे आणि मुले पोहोचणार नाहीत असे कुंपण घाला. आणि तांब्याची वायर जस्ताच्या मुलाम्यावर थेट आवळू नका, मधे स्टेनलेसचा वॉशर घाला. नाहीतर एक-दोन पावसाळ्यांत मुलामा खाल्ला जातो आणि जोड सैल पडतो.