मूरवरचा रोमन रस्ता शोधताना दगडांवर विश्वास ठेवू नका

इंग्लंडच्या नॉर्थ यॉर्क मूर्समधल्या व्हीलडेलचे फोटो पाहिले. (मूर म्हणजे झाडं नसलेलं, गवता-झुडपांचं उघडं, ओलसर माळरान.) हा रोमन रस्ताच ना, आणि असा एखादा रस्ता आपला आपण शोधायचा तर सुरुवात कुठून करायची, असं तुम्ही विचारलंय.

पहिल्या प्रश्नाला सरळ 'हो' म्हणता येत नाही. गॉथलंडजवळचा हा मैलभराचा पट्टा वर्षानुवर्षं रोमन म्हणून दाखवला गेला. दंतकथा म्हणते, वेड नावाच्या राक्षसाने बायकोला गाईंकडे जाता यावं म्हणून तो बांधला. (आपल्याकडे ही कामं पांडव एका रात्रीत उरकतात.) वरची खडी गेली आणि पायाचे दगड उरले, हे रोमन पक्षाचं म्हणणं. पण १९९० नंतर शंका वाढत गेल्या, आणि आता हा नवपाषाणयुगातला हद्दीचा बांध असू शकेल असंही मानतात. उत्तर इंग्लंडमधल्या ब्लॅकस्टोन एज या डोंगरकड्यावरची देखणी फरसबंदीसुद्धा अनेक अभ्यासकांच्या मते १८व्या शतकातल्या टोलरस्त्याची आहे. त्यामुळे मूरवर दगड जितके ठसठशीत, तितका माझा संशय जास्त.

सह्याद्रीत जुनी वाट ओळखायला आपण खोदीव पायऱ्या आणि टाकी बघतो. ती सवय इथे फसवते. इथे शोधायचा तो गवताखालचा रुंद, बसका वरंबा: पाच ते आठ मीटर, मधे किंचित उंच, दोन्हीकडे उतरता. नशीब असेल तर दोन्ही बाजूंना चर. चर बुजलेले असले तरी तिथे पाणी साचतं आणि लव्हाळे माजतात. पिवळट गवतात लव्हाळ्यांच्या दोन समांतर गडद रेघा दिसल्या की थांबायचं. रस्त्याकडेला खड्ड्यांची माळ असेल तर फारच छान, कारण भरावाचा दगड-मुरूम तिथूनच काढलेला असतो. स्कॉटलंडमध्ये सूट्राला डीअर स्ट्रीट या रोमन रस्त्याच्या कडेने असे खड्डे आजही दिसतात. उलट ओझ्याच्या तट्टांची वाट झिजून खोल जाते आणि चढावर तिला चार-पाच फाटे फुटतात. रोमन रस्ता उचललेला, ही वाट खचलेली.

दुसरी खूण रेषेची. रोमन मोजणीदार एका उंचवट्यावरून पुढच्या उंचवट्याचा नेम धरत. म्हणून दिशा बदलते ती बहुधा माथ्यावर, जिथून पुढचं दिसतं तिथे. चढ फारच खडा असेल तर ते वळणंही घेत. 'रोमन रस्ता म्हणजे सरळच' हे अर्धसत्य आहे, आणि 'सरळ म्हणजे रोमन' तर साफ चूक. मी स्वतः एकदा अर्धा दिवस दोन समांतर रेषांमागे चिखल तुडवत गेलो. निघाले ते विसाव्या शतकात पीटमधलं (कुजक्या वनस्पतींच्या दलदलीच्या मातीतलं) पाणी काढायला यंत्राने मारलेले चर. घरी नकाशा नीट पाहिला असता तर बूट तरी वाचले असते.

म्हणून आधी घरकाम. इंग्लंडच्या पर्यावरण संस्थेचा लायडार डेटा (विमानातून लेझरने मोजलेले जमिनीचे उंचसखल) २०१५ पासून मोफत आहे. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर १९व्या शतकातले सहा इंची (मैलाला सहा इंच) नकाशे आणि लायडार शेजारी शेजारी ठेवून बघता येतात. एक मेख लक्षात असू द्या: लायडारच्या चित्रात उजेड एका दिशेने पाडलेला असतो, आणि त्याच दिशेने जाणारा वरंबा अदृश्य होतो. शक्य असेल तर उजेडाची दिशा बदलून बघा. जमिनीवरही तेच. हिवाळ्यात, नेचे वाळून पडल्यावर, रस्त्याला आडवं येणारं कलतं ऊन असताना जा. भुरभुर बर्फ असेल तर सोन्याहून पिवळं.

संरक्षित स्मारकावर परवानगीशिवाय मेटल डिटेक्टर चालवणं गुन्हा आहे. खणणं तर नाहीच.

सुरुवातीला डोळा तयार करायला यॉर्कशायर डेल्समधला कॅम हाय रोड घ्या. बेनब्रिजच्या रोमन किल्ल्याकडून नैर्ऋत्येला वेदर फेलवर चढणारी रेष दोन गडग्यांमधून मैलोन्‌मैल जाते. १७५१ मध्ये रिचमंड–लँकेस्टर टोलरस्त्याने हीच रेष वापरली, त्यामुळे पायाखालचं सगळं रोमन समजू नका. आणि पुढच्या वेळी फोटोबरोबर ग्रिड संदर्भ (नकाशाच्या चौकटींवरून जागा सांगणारा आकडा) टाका, तोंड कुठल्या दिशेला होतं तेही.