वाचकांचे प्रश्न : मूल गेलेल्या घराभोवती

या अंकासाठी आलेल्या पत्रांत एकाच विषयाची काही पत्रे होती. एखाद्या मुलाला पळवून नेले जाते, त्याचा मृत्यू होतो, आणि त्या घराच्या आजूबाजूला राहणाऱ्यांना आपण नेमके काय करावे ते उमगत नाही. ओळख पटेल असा तपशील गाळून त्यांतील चार पत्रे येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण त्यातील एक गोष्ट तातडीची आहे.

प्रश्न : आमच्या वसाहतीतील एका लहान मुलीचे अपहरण झाले आणि काही दिवसांनी तिचा मृतदेह सापडला. शोधाच्या काळात आम्ही सगळे रात्रंदिवस एकत्र होतो. आता काही जण मोर्चा काढू म्हणतात, तर काही जण जवळच राहणाऱ्या एका माणसाचा फोटो मोबाइलवर पाठवू लागले आहेत. पोलिसांनी अद्याप कोणालाही अटक केलेली नाही. मी वसाहतीच्या समितीवर आहे. आम्ही काय करावे?

उत्तर : सर्वांत आधी तो फोटो थांबवा. मोर्चा, सभा, निवेदन यांचा विचार उद्या करता येईल. हे काम आजचे आहे. ज्या ज्या गटात तो फोटो गेला आहे, तेथे समितीच्या नावाने लिहा की कोणाला काही माहीत असेल तर ते तपास अधिकाऱ्यांना सांगावे आणि फोटो काढून टाकावा. उद्या त्या माणसाच्या घरावर पहिला दगड पडला, तर त्यानंतर काय होईल ते समितीच्या हातात राहणार नाही.

तो माणूस निर्दोष असू शकतो, हे एक कारण झाले. दुसरे कारण त्या मुलीला मिळायच्या न्यायाचे आहे, आणि संतापलेल्या लोकांना तेच अधिक लवकर पटते. साक्षीदाराने ओळखपरेडच्या आधी एखाद्याचा फोटो मोबाइलवर अनेकदा पाहिला असेल, तर त्याने घटनेच्या वेळी पाहिलेला चेहरा ओळखला की फोटोतला, असा प्रश्न बचावाचा वकील विचारणारच, आणि त्याचे समाधानकारक उत्तर कोणापाशीही नसते. म्हणजे तो माणूस खरोखर दोषी असेल, तर फोटो फिरवणाऱ्यांनी त्याचीच सोय करून ठेवलेली असते.

२००० साली इंग्लंडमध्ये आठ वर्षांच्या एका मुलीची हत्या झाल्यानंतर एका साप्ताहिक वृत्तपत्राने पूर्वी लैंगिक गुन्हे केलेल्या व्यक्तींची नावे व छायाचित्रे छापायला सुरुवात केली. पोर्ट्‌समथ शहराच्या पॉल्सग्रोव्ह भागात त्यानंतर अनेक रात्री जमाव रस्त्यावर उतरत राहिला, आणि ज्यांचा कोणत्याही गुन्ह्याशी संबंध नव्हता अशा कुटुंबांनाही घरे सोडावी लागली. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात १९८९ साली अकरा वर्षांच्या एका मुलाचे अपहरण झाले होते. २०१० मध्ये तपास यंत्रणेनेच एका शेजाऱ्याकडे जाहीरपणे बोट दाखवले, आणि २०१६ मध्ये खऱ्या गुन्हेगाराने हत्येची कबुली देऊन मुलाला पुरल्याची जागा दाखवली, तेव्हा तो शेजारी निर्दोष होता हे उघड झाले. तपास यंत्रणेच्या हातून जे घडू शकते, ते संतापलेल्या वसाहतीच्या हातून तर सहजच घडेल.

आता मोर्चाविषयी. माझे मत स्पष्ट आहे : मुलीच्या आईवडिलांना विचारल्याशिवाय तिच्या नावाने काहीही करू नये, आणि त्यांच्याकडून होकार, नकार किंवा नुसते मौन आले तरी ते शिरोधार्य मानावे. विचारायला दहा जणांनी जाऊ नये. घरच्यांचा ज्यांच्यावर विश्वास आहे अशा एकाच व्यक्तीने, शक्य तर एखाद्या नातलगामार्फत विचारावे. बेल्जियममधील ब्रुसेल्स शहरात २० ऑक्टोबर १९९६ रोजी जवळपास तीन लाख लोक पांढरे कपडे घालून, पांढरे फुगे हातात धरून चालले. मुलींच्या अपहरणाच्या व हत्यांच्या एका प्रकरणाच्या तपासातील हलगर्जीपणामुळे तो देश हादरला होता आणि तपासाला गती देणाऱ्या न्यायाधीशाला त्या प्रकरणातून दूर केल्याने लोक संतापले होते. तरीही तो मोर्चा शांततेत पार पडला, आणि त्याचे कारण असे की हाक पीडित मुलांच्या कुटुंबांनीच दिली होती व राजकीय घोषणा नकोत हेही त्यांनीच सांगितले होते. पुढे तेथील पोलीस यंत्रणेची फेररचना झाली आणि १९९८ मध्ये हरवलेल्या मुलांसाठी चाइल्ड फोकस ही संस्था उभी राहिली. तुमच्या मोर्चालाही असाच नेमका प्रश्न असावा. तक्रार नोंदवायला उशीर झाला का, आसपासच्या कॅमेऱ्यांतील चित्रीकरण वेळेत ताब्यात घेतले गेले का, हे विचारता येते. ‘फाशी द्या’ एवढीच घोषणा असेल, तर ती देऊन लोक घरी जातात आणि झालेली चूक जागच्या जागी राहते.

तुमच्या पत्रात नसलेली एक गोष्ट सुचवतो. शोधाच्या काळात तुम्ही तिच्या फोटोची पत्रके लावली असतील. खांबांवर, दुकानांच्या काचांवर, बसथांब्यांवर ती अजून असतील. एखादे पावसाने भिजून अर्धे सुटलेही असेल. ‘हरवली आहे’ या शब्दांखालचा तो हसरा चेहरा तिच्या आईला घराबाहेर पडल्यावर दर वळणावर दिसतो आहे. घरच्यांना कळवून दोघा-तिघांनी भल्या सकाळी सगळीकडे फिरून ती अलगद काढावीत, फाडू नयेत, आणि त्यांचे काय करायचे ते घरच्यांना ठरवू द्यावे. मोबाइलवरील तिच्या फोटोंचेही तसेच. भारतासह अनेक देशांत गुन्ह्याला बळी पडलेल्या मुलाची ओळख उघड करण्यावर कायद्याने बंधने आहेत, आणि शोधासाठी दिलेला फोटो श्रद्धांजलीसाठी वापरायला घरच्यांनी आपोआप परवानगी दिलेली नसते.

बाहेरून येणाऱ्यांना आवरणे हेही समितीचेच काम आहे. २००२ मध्ये इंग्लंडमधील सोहॅम येथे दहा वर्षांच्या दोन मैत्रिणींची हत्या झाली, तेव्हा दूरदूरहून इतके लोक फुले घेऊन येऊ लागले की आता कोणी येऊ नये, अशी विनंती करण्याची वेळ तेथील धर्मगुरूंवर आली. गुन्हेगार ज्या घरात राहत होता ते घर २००४ मध्ये पाडण्यात आले आणि लोकांनी आठवण म्हणून तुकडे नेऊ नयेत यासाठी राडारोड्याचीही गुप्तपणे विल्हेवाट लावली गेली. तुमच्याकडे कॅमेरे घेऊन येणाऱ्यांशी बोलायला एकच व्यक्ती नेमा, आणि तिने मुलीच्या घराची दिशासुद्धा दाखवू नये.

राहिला प्रश्न पुढच्या वेळचा. ‘पुढची वेळ’ हे शब्द लिहिताना जड वाटते, तरी लिहिले पाहिजे. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या महाधिवक्ता कार्यालयाने केलेल्या अभ्यासात असे आढळले की अपहरण करून ठार मारलेल्या मुलांपैकी सुमारे तीन चतुर्थांश मुलांचा जीव पहिल्या तीन तासांतच गेला होता. चोवीस तास वाट पाहावी लागते, हा समज म्हणूनच घातक आहे. मूल दिसत नाही हे लक्षात येताच एकाने पोलिसांना फोन करावा, एकाने मुलाचा अलीकडचा फोटो व अंगावरच्या कपड्यांचे वर्णन तयार ठेवावे, आणि एकाने आसपासच्या कॅमेऱ्यांच्या मालकांना गाठावे, कारण जुन्या चित्रीकरणावर नवे चित्रीकरण चढून ते पुसले जाते. टेक्सास राज्यातील आर्लिंग्टन येथे जानेवारी १९९६ मध्ये अँबर हेगरमन ही नऊ वर्षांची मुलगी सायकल चालवत असताना पळवली गेली आणि चार दिवसांनी तिचा मृतदेह सापडला. त्यानंतर तेथल्या एका सामान्य नागरिक बाईंनी रेडिओ केंद्राला विचारले की हवामानाचे इशारे जर लगेच देता येतात, तर पळवलेल्या मुलाविषयी ते का देता येऊ नयेत? त्यातून अँबर अलर्ट ही व्यवस्था उभी राहिली आणि पुढे इतर देशांनीही ती उचलली. अँबरचा मारेकरी आजतागायत सापडलेला नाही. पण तो सापडेपर्यंत थांबायचे त्या बाईंनी ठरवले असते, तर तो इशारा अस्तित्वात आला नसता.

प्रश्न : मी तिसरीच्या वर्गाची शिक्षिका आहे. आमच्या वर्गातील एका मुलाचे असेच निधन झाले. काही पालकांनी मुलांना काहीही सांगू नका असे बजावले आहे. मुले मात्र त्याच्या रिकाम्या जागेकडे पाहतात आणि आपापसांत कुजबुजतात. मी काय बोलावे?

उत्तर : मुले कुजबुजत आहेत याचा अर्थ त्यांना कळले आहे, फक्त ते मोठ्यांकडून कळलेले नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलांच्या कानावर अर्धवट तपशील पडले की उरलेले चित्र ती स्वतः रंगवतात, आणि ते बहुधा खऱ्याहून भयंकर असते. पालकांची भीती खोटी नाही, पण त्यावर गप्प राहणे हा उपाय नव्हे. मुख्याध्यापकांनी पालकांना एकत्र बोलावून मुलांना नेमके कोणते शब्द सांगितले जाणार आहेत ते आधी वाचून दाखवावे. बहुतेक विरोध तेथेच मावळतो, कारण शाळा सगळेच सांगून टाकील अशी पालकांची धास्ती असते.

शब्द साधे आणि खरे असावेत. ‘आपल्या वर्गातला तो मित्र मरण पावला. एका माणसाने त्याला इजा केली. ही आपल्या मित्राची चूक नव्हती, आणि तुमच्यापैकी कोणाचीही नव्हती. पोलीस त्यावर काम करत आहेत.’ एवढे पुरे. ‘तो झोपला’, ‘तो दूरच्या गावाला गेला’ असे सांगू नका. असे ऐकलेली मुले रात्री झोपायला घाबरतात किंवा तो परत कधी येणार म्हणून विचारत राहतात. कसा मेला याचे तपशील देऊ नका, पण कोणी विचारलेच तर ‘मला ठाऊक नाही’ असे खोटेही सांगू नका. ‘ते मोठ्यांनी हाताळायचे आहे’ असे सांगता येते.

चुकीविषयीचे वाक्य मात्र वगळू नका. त्याच्याशी आदल्या दिवशी भांडलेला, त्याला खेळायला न घेतलेला एखादा मुलगा वर्गात असतोच, आणि आपल्यामुळेच हे झाले असे तो मनात धरून बसतो. तो तसे बोलून दाखवणार नाही. त्याचे पोट दुखेल, शाळेत यायचे नाही असे तो म्हणेल, किंवा नको तेवढा दंगा करील.

रिकाम्या बाकाविषयी : तो एका रात्रीत हलवू नका. सोमवारी मुले आली आणि बाक नाहीसा झालेला असला, तर मेलेल्या माणसाला असेच पुसून टाकतात असा धडा त्यांना मिळतो. काही दिवस राहू द्या, मग त्याचे काय करावे ते मुलांना विचारा, आणि ती ठरवतील तो दिवस आधी सांगून ते करा. त्याच्या वह्या आणि चित्रे कपाटात जपून ठेवा. आईवडिलांना ती आज पाहवणार नाहीत, पण कधीतरी हवी होतील.

प्रश्न : शेजारी अशी घटना घडल्यापासून मी मुलांना अंगणातही एकटे सोडत नाही. ‘अनोळखी माणसाशी बोलू नका’ हे रोज सांगते. आणखी काय शिकवू?

उत्तर : तेवढ्या एका वाक्यावर विसंबू नका. अनोळखी माणसाने मूल पळवून नेऊन ठार करणे किंवा डांबून ठेवणे अशा घटना फार थोड्या असतात. अमेरिकेसारख्या प्रचंड देशात २०११ साली अशा सुमारे १०५ घटना घडल्याचा अंदाज आहे. मुलांना बहुतांश वेळा इजा होते ती ओळखीच्या माणसाकडून. सोहॅमच्या प्रकरणातील गुन्हेगार एका शाळेच्या इमारतीची देखभाल पाहत होता, मुलींच्या वर्गात मदतनीस असलेल्या तरुणीबरोबर तो राहत होता, आणि शोध चालू असताना तो वार्ताहरांशी बोलतही होता. शिवाय वाट चुकलेल्या मुलाला मदत मागायची असते ती अनोळखी माणसाकडेच.

म्हणून माणसाऐवजी वागणे ओळखायला शिकवा. कोणीही, अगदी नात्यातले असले तरी, ‘घरी सांगू नकोस’ म्हणत असेल, न विचारता कुठे नेत असेल किंवा मोठे माणूस असून लहान मुलाची मदत मागत असेल, तर ओरडायचे, पळायचे आणि घरी येऊन सांगायचे. सांगितल्यावर आपण रागावणार नाही, हे मात्र तुम्हाला आधी पाळून दाखवावे लागेल. अंगणात त्यांना खेळू द्या. लक्ष ठेवायला आळीपाळीने एखादे मोठे माणूस बाहेर बसले तरी चालते.

प्रश्न : जिचे मूल गेले ती माझी जुनी मैत्रीण आहे. सुरुवातीला मी रोज जात होते. आता काय बोलावे ते सुचत नाही, म्हणून जाणे टाळते, आणि टाळते म्हणून स्वतःचाच राग येतो.

उत्तर : जा. बोलायला सुचण्याची वाट पाहू नका. ‘देवाची इच्छा’, ‘दुसऱ्या मुलाकडे पाहून सावर’, ‘मी समजू शकते’ ही तीन वाक्ये तेवढी टाळा. मुलाचे नाव घ्यायला घाबरू नका. त्याच्या नावाने तिला त्याची आठवण होईल असे आपल्याला वाटते, पण तिला त्याचा विसर पडलेलाच नसतो. नाव कोणी घेईनासे झाले की आपले मूल जगातून दुसऱ्यांदा गेले, असे अशा आया सांगतात. त्याची एखादी खोडी आठवली तर सांगा. ती रडली तर रडू द्या.

‘काही लागले तर सांग’ असे म्हणू नका, कारण ती सांगणार नाही. घरातले दुसरे भावंड सर्वांच्या नजरेतून सुटते, तेव्हा त्याला शाळेत सोडणे, त्याचा अभ्यास घेणे हे काम दर आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी स्वतःकडे घ्या. नवरा-बायकोंचे दुःख सारख्या चालीने चालत नाही. एक बोलत राहील, दुसरा कामात बुडून जाईल. कोणाचे दुःख खरे याचा निवाडा करायला तिने सांगितले तरी करू नका.

गर्दी पहिल्या महिन्यात ओसरते, तपास आणि खटला मात्र वर्षानुवर्षे चालतो. न्यायालयात तिला आरोपीपासून काही हातांवर बसावे लागेल, शवविच्छेदनाचा अहवाल मोठ्याने वाचला जाताना ऐकावा लागेल, आणि पुष्कळदा इतक्या तयारीने जाऊन नुसती पुढची तारीख घेऊन परतावे लागेल. त्या दिवसांची नोंद तुमच्याकडे ठेवा. तारखेच्या आदल्या दिवशी तिला विचारा, ‘उद्या मी बरोबर येऊ का?’ ती नको म्हणाली, तरी पुढच्या तारखेला पुन्हा विचारा.