आजोबांचा 'सढळ' हात आणि 'दानशूर' ही पदवी

प्रश्न थोडक्यात असा. नव्वदी ओलांडलेले आजोबा गेले. घरच्यांपुरती एक छोटी स्मरणपुस्तिका काढायची आहे. नातवाने लिहिलं, 'आजोबांचा हात सढळ होता.' घरातल्या एका वडीलधाऱ्यांनी ते खोडून 'आजोबा दानशूर होते' असं केलं. त्यांचं म्हणणं, सढळ म्हणजे जवळजवळ उधळ्याच, गेलेल्या माणसाबद्दल असं छापू नये. नातवाला 'दानशूर' खटकतो, पण का खटकतो ते सांगता येत नाही.

माझं मत आधीच सांगतो: 'सढळ' ठेवा. मात्र ज्यांनी तो खोडला त्यांचा कान अगदीच चुकलेला नाही, म्हणून जरा मुळापासून बघू.

'सढळ' हा संस्कृत 'शिथिल'चा वंशज. प्राकृतात 'सिढिल', 'सढिल' अशी रूपं झाली आणि मराठीत 'सढळ' स्थिरावला. 'ढिला' त्याच कुळातला, डोक्यावरचा 'स' गळालेला. 'सैल'सुद्धा तिथलाच. शिवाय 'शिथिल' हा मूळ पुरुष आपण संस्कृतातून जसाच्या तसा पुन्हा आणून बसवला आहे. म्हणजे आजोबा आणि तीन नातवंडं एकाच भाषेत नांदताहेत, आणि प्रत्येकाचा संसार वेगळा. नियम शिथिल होतात, गाठ सैल होते, कारभार ढिला पडतो. जीभ सैल सुटली की भांडण ठरलेलं. या सगळ्या भावंडांत लौकिक कमावला तो एकट्या 'सढळ'ने, आणि तोही 'हाता'शी सोयरीक जुळली म्हणून. 'ढिला हात' म्हणून बघा, कामचुकार माणूस डोळ्यांसमोर येतो. 'सढळ हात' म्हटलं की वाढणारा, देणारा माणूस येतो. मूळ अर्थ दोन्हीकडे एकच: पकड घट्ट नाही.

मला या शब्दात आवडतं ते हेच. न देणाऱ्याला आपण काय म्हणतो? त्याने हात आखडता घेतला. मराठीने हाताची स्वाभाविक अवस्था मिटलेलीच धरली आहे जणू, आणि देणं म्हणजे ती पकड सुटणं. यात किती दिलं याचा आकडा नाही, कुणाला दिलं याची यादी नाही, घेणारा लायक होता की नाही याची चौकशी नाही. मास्तर सढळ हाताने मार्क देतात, वाढणारा सढळ हाताने वाढतो. शब्द फक्त हाताची सवय सांगतो.

आता आक्षेपाकडे. हा शब्द घरात कोण, कुठल्या सुरात वापरतं यावर बरंच अवलंबून असतं. माझी आजी आजोबांबद्दल 'ह्यांचा हात सढळ' हे वाक्य दोन प्रकारे म्हणायची. महिनाअखेरीला म्हणताना 'ह्यांचा'वर जोर असायचा आणि पुढे एक सुस्कारा. पाहुण्यांसमोर म्हणताना जोर 'सढळ'वर, आणि मान किंचित कलती. अक्षरं तीच, एकदा तक्रार आणि एकदा मिरवणं. तुमच्या वडीलधाऱ्यांनी बहुधा पहिला सूर जास्त ऐकला असावा. आजोबांच्या सढळ हाताची झळ ज्या पिढीला लागली, तिला त्या शब्दात ओढाताण ऐकू येणारच. नातवंडांना नाही येत. दोघंही आपापल्या जागी खरे आहेत.

तरी 'उधळ्या' वेगळा. उधळणे म्हणजे हवेत फेकणे: गुलाल उधळतात, फुलं उधळतात. ते नेमकं कुणाच्या हातात पडत नाही. सढळ हातातून सुटलेली वस्तू दुसऱ्या हातात जाते. 'खर्चिक' आणखी निराळा, तो सगळा खर्च स्वतःवरही करू शकतो. 'स्वतःवर सढळ हाताने खर्च केला' असं एखाद्या वेळचं वर्णन होईल, पण 'त्याचा हात सढळ आहे' असं स्वभाव म्हणून सांगितलं, की घेणारे दुसरे कुणीतरी आहेत हे ऐकणारा गृहीतच धरतो.

'दानशूर' का खटकतो? कारण त्यात 'शूर' आहे. संस्कृत काव्यशास्त्रात वीररसाचे चार नायक सांगितले आहेत: दानवीर, धर्मवीर, युद्धवीर आणि दयावीर. म्हणजे दान हा तिथे पराक्रम आहे, रणांगणाच्या पंगतीला बसणारा. शूराला प्रसंग लागतो, पणाला लावलेलं काहीतरी लागतं, आणि बघणारे लागतात. कर्णाने अंगावरची कवचकुंडलं उतरवून दिली, त्याला हा शब्द शोभतो. शिवाय आजच्या मराठीत तो फलकांवर आणि आवाहनांत फार झिजला आहे. 'दानशूर व्यक्तींनी पुढे यावे' हे वाचताना कुणाला कर्ण आठवत नाही, पावतीपुस्तक आठवतं. ज्यांनी साठ-सत्तर वर्षं गाजावाजा न करता कुणाचं शिक्षण, कुणाचं आजारपण निभावून नेलं, त्यांना तो एकदम व्यासपीठावर नेऊन बसवतो. नातवाला टोचलं ते हे असणार.

'उदार' चालेल का, असा पुढचा प्रश्न येईल. चालेल, पण तो थोडा दुरून बोलतो. मूळ अर्थ उंच, थोर. 'जिवावर उदार होणे' यात तर देणंघेणं मागे पडून बेफिकिरीच उरते. 'दिलदार' मित्राला शोभतो. आजोबांना म्हटलं तर ते गप्पांच्या अड्ड्यावरचे वाटतात.

विचारलेलं नाही, पण एका शब्दाची शिफारस केल्याशिवाय राहवत नाही: 'दानत'. 'द्यायची दानत लागते' असं आपण म्हणतो आणि तो 'दान'पासून निघाला असं समजतो. तसं नाही. तो अरबी 'दियानत', फारसीमार्गे आलेला, आणि त्याचा अर्थ सचोटी, प्रामाणिकपणा. मराठीतही आधी तोच अर्थ होता. एखाद्याची दानत चांगली म्हणजे व्यवहारात तो खोटेपणा करणार नाही. मग 'दान'शी असलेल्या नादसाम्याने त्याला आपल्याकडे ओढलं आणि द्यायची मनापासून तयारी हा अर्थ त्यात मुरला. व्युत्पत्तीच्या दृष्टीने हा घोटाळाच, पण असा गोड घोटाळा क्वचित होतो. हिशेबाला चोख आणि द्यायला मोकळा, अशी दोन्ही माणसं एकाच आजोबांत असतील तर 'दानत' त्यांच्यासाठीच घडला आहे म्हणा ना. हिशेबाला चोख नसतील तर नका वापरू, घरचे हसतील.

मजकुरात पुढे 'सढळ हस्ते मदत केली' असंही आलं आहे. चूक नाही. 'हस्ते'मधला 'ए' हा मराठीच्या जुन्या तृतीयेचा, 'भावे', 'मुखे' यांतला. संस्कृतात 'हस्तेन' झालं असतं. पण 'सढळ हस्ते' हा निधी मागणाऱ्या पत्रकाचा सूर आहे. घरच्या आठवणीत 'सढळ हाताने' लिहा.

आणि 'प्रदीर्घ आयुष्य' मधला 'प्र' काढा. 'प्रदीर्घ' म्हटलं की पाठोपाठ 'आजाराने' येणार असं वाटतं, नाहीतर भाषण. 'दीर्घ आयुष्य' पुरे.

मूळ वाक्यात मात्र एक बदल सुचवतो. 'हात सढळ होता' यातला 'होता' फक्त सांगून मोकळा होतो. वय वाढलं की पुष्कळांचा हात आखडतो, पुढे काय होईल या धास्तीने आखडतो, आणि त्यात दोष काही नाही. तुमच्या आजोबांचा नव्वदीतही आखडला नसेल तर 'आजोबांचा हात शेवटपर्यंत सढळ राहिला' असं लिहा. 'राहिला'त ती सगळी वर्षं मोजली जातात, आणि 'उधळ्या'ची शंका बरीचशी मिटते, कारण उधळ्याचं नव्वदीपर्यंत काही उरत नाही. त्याला लागूनच एखादा खरा प्रसंग द्या, शक्यतो खोडणाऱ्या वडीलधाऱ्यांनाच विचारून. तो सांगताना ते स्वतः कुठला शब्द वापरतात, ते ऐका.

छापायला देण्याआधी 'ढ' तेवढा तपासा. 'सडळ' असं छापलेलं मी पाहिलं आहे.