हिवाळ्यात होकायंत्र बोटीवर ठेवावे का?

प्रश्न : ओंटारिओ सरोवरावर आमची शिडाची जुनी बोट आहे. ऑक्टोबरात ती पाण्याबाहेर काढून ताडपत्रीखाली ठेवतो. येथे पारा उणे २० अंशांपर्यंत उतरतो. गेल्या जानेवारीत होकायंत्राच्या घुमटाखाली हरभऱ्याएवढा बुडबुडा दिसला. आतील द्रव गोठून यंत्र फुटेल का? – एक वाचक, टोरंटो

उत्तर : गोठण्याची भीती बाळगू नका. आजच्या बहुतेक होकायंत्रांत शुद्ध खनिज तेल असते, जुन्यांत अल्कोहोल आणि पाणी यांचे मिश्रण असे. मूळ द्रव शाबूत असेल, तर तुमच्याकडच्या थंडीत त्याचा बर्फ होत नाही. मात्र थंडीने द्रव आकसतो, आणि ती उणीव भरून काढण्यासाठी तळाशी बसवलेला लवचीक पडदा आत ओढला जातो. वर्षानुवर्षांच्या ताणाने हा पडदा कडक झाला की रिकामी राहिलेली जागा बुडबुड्याच्या रूपाने वर दिसू लागते.

म्हणून यंत्र घरी आणून एक दिवस खोलीत, हीटरपासून दूर ठेवा. बुडबुडा नाहीसा झाला, तर तूर्त काळजी नाही. तो राहिला, तर द्रव कोठून तरी झिरपतो आहे. तळाच्या स्क्रूभोवती हाताचे बोट फिरवून तेलकट ओल लागते का, ते पाहा. द्रव मात्र स्वतः भरू नका, कारण अल्कोहोलच्या यंत्रात तेल गेले, तर तबकडीचा रंग आणि रबर दोन्ही बिघडू शकतात. हे काम जाणकार कारागिराचेच आहे.

चार स्क्रूंनी बसवलेले यंत्र दर हिवाळ्यात काढून आणावे, असे माझे मत आहे. काढण्यापूर्वी त्याची जागा पेन्सिलीने आखून घ्या, दिव्याच्या तारांवर खुणा करा आणि दुरुस्तीचुंबकांच्या (बोटीवरील लोखंडामुळे यंत्रात येणारी चूक सुधारणाऱ्या छोट्या चुंबकांच्या) स्क्रूंना हात लावू नका. घरात ते सरळ उभे, स्पीकर किंवा लोखंडी वस्तूंपासून लांब ठेवा. सुकाणूच्या खांबावर पक्के बसवलेले असेल, तर तेथेच राहू द्या, पण घुमटावर अपारदर्शक झाकण हवेच, कारण प्लास्टिकच्या घुमटाला खरा शत्रू थंडी नसून ऊन आहे. घुमट पुसायला साधे पाणी आणि मऊ फडके पुरे. अल्कोहोल वा अमोनिया असलेल्या द्रावणाने त्यावर बारीक तडे जातात.

वसंतात यंत्र परत बसवताना पुढची खूणरेषा (जिच्यासमोर तबकडीवरची दिशा वाचतात ती रेघ) बोटीच्या मध्यरेषेला समांतर आहे ना, हे पाहा आणि पहिल्याच फेरीत नकाशावरील दोन ठाऊक खुणांच्या रेषेत बोट आणून वाचन पडताळून घ्या.