बाबांची पद्मिनी आणि साडेसात लाखांची बॅटरी

सांगलीहून एका वाचकांचं सविस्तर पत्र आलंय. वय ५३, कनिष्ठ महाविद्यालयात प्राध्यापक, नोकरीची पाच वर्षं शिल्लक. घरात ७८ वर्षांची आई, पत्नी, आणि इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेली मुलगी. वडिलांनी निवृत्तीच्या पैशांतून १९९६ मध्ये घेतलेली प्रीमियर पद्मिनी अजून चालती आहे. दर रविवारी एक फेरी, पौर्णिमेला आईला घेऊन नरसोबाच्या वाडीला, एवढाच वापर. वर्षाला दीड हजार किलोमीटर. आता येत्या नोव्हेंबरात नोंदणीची मुदत संपतेय, एजंट म्हणतो ‘आता रिन्यू होणार नाही’, ई-२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने इंजिन जाईल अशी भीती आहे, मुलीला धुराचा त्रास होतो. एका विक्रेत्याने गाडी इलेक्ट्रिक करून देण्याचं ६ लाख ४० हजारांचं कोटेशन दिलंय. पैसे बँकेतल्या आठ लाखांच्या एफडीतून काढायचे. प्रश्न एका ओळीचा आहे: करू का?

नमस्कार सर. माझं उत्तर ‘आत्ता नको’ असं आहे. त्यातला ‘आत्ता’ महत्त्वाचा आहे, म्हणून थोडं बसून बोलू.

आधी एजंटची गोष्ट निकालात काढतो, कारण तुमच्या पत्रातली सगळी घाई तिथून आली आहे. खासगी गाडीची नोंदणी पहिली पंधरा वर्षं आणि मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण, हा नियम तुम्ही २०११, २०१६ आणि २०२१ मध्ये पाळलाच आहे. २०२६ मध्येही तेच करायचंय. बदलली आहे ती फी. वीस वर्षांवरच्या मोटारीला ऑगस्ट २०२५ पासून ती दहा हजार रुपये झाली. आकडा टोचतो, पण दहा हजार टोचतात म्हणून साडेसात लाख खर्च करायचे नसतात.

साडेसात कुठून आले? कोटेशनचं दुसरं पान पुन्हा बघा. तळाला बारीक अक्षरात ‘कर वेगळा’ आहे. १८ टक्क्यांनी जीएसटी धरला तर १ लाख १५ हजार २०० वाढतात आणि बेरीज होते ७ लाख ५५ हजार २००. त्याच पानावर आणखी दोन ओळी आहेत, त्या मी लाल पेनाने अधोरेखित केल्यात. एक: ‘बॅटरी वॉरंटी तीन वर्षे, प्रो-रेटा’. म्हणजे तिसऱ्या वर्षी बॅटरी बसली तर नवी मिळणार नाही, उरलेल्या महिन्यांच्या हिशोबाने थोडी सूट मिळेल. दुसरी ओळ जास्त गंभीर आहे: ‘आरटीओ नोंद ग्राहकाच्या जबाबदारीवर’. सर, ही ओळ असलेल्या कागदावर ॲडव्हान्स द्यायचा नाही. अगदी एक रुपयासुद्धा.

कारण सांगतो. पेट्रोल गाडी इलेक्ट्रिक करायला आपल्याकडे कायद्याने परवानगी आहे, पण बसवायचं मोटर-बॅटरीचं किट मान्यताप्राप्त चाचणी संस्थेकडून मंजूर झालेलं हवं. आपल्या पुण्यातली एआरएआय ही त्यातलीच एक. ती मंजुरी तुमच्या मॉडेलला लागू हवी, बसवणारा किट उत्पादकाने अधिकृत केलेला हवा, आणि शेवटी आरसी बुकात इंधनाच्या रकान्यात बदल व्हायला हवा. एवढी साखळी पूर्ण झाली नाही, तर तुमच्या दारात जी उभी राहील ती कागदावर पेट्रोलची आणि प्रत्यक्षात बॅटरीची गाडी. उद्या कुठे ठोकर बसली तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारणार. पद्मिनीसाठी मंजूर असलेल्या किटचं प्रमाणपत्र विक्रेत्याकडे मागा. तो ‘होऊन जाईल साहेब’ म्हणाला, तर उत्तर मिळालं असं समजा.

आता हिशोब. पेट्रोल १०५ रुपये आणि गाडी तेराचं ॲव्हरेज देते असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे किलोमीटरला आठ रुपये. इलेक्ट्रिक झाल्यावर शंभर किलोमीटरला चार्जिंगमधली गळती धरून साधारण सोळा युनिट लागतील. युनिटला बारा रुपये धरले तर किलोमीटरला दोन रुपये. वाचले सहा. दीड हजार किलोमीटरला नऊ हजार. ऑइल, प्लग, पॉइंट, ट्यूनिंगचे वर्षाला सहा हजार वाचतील असं धरा. एकूण पंधरा हजार. (वीजबिलाचा स्लॅब वर जाईल ही तुमची काळजी सोडा, महिन्याला जेमतेम वीस युनिट लागतील.)

दुसऱ्या बाजूला, ७ लाख ५५ हजार एफडीत राहिले तर साडेसहा टक्क्यांनी वर्षाला ४९ हजार व्याज देतात. त्यावर वीस टक्क्यांचा कर आणि उपकर गेला तरी ३९ हजारांच्या आसपास हातात पडतात. म्हणजे वर्षाला पंधरा हजार वाचवायला एकोणचाळीस हजारांवर पाणी सोडायचं, शिवाय मुद्दल गेलंच. मुद्दल दहा वर्षांत वसूल व्हावं आणि व्याजाचं नुकसानही निघावं असं धरून उलटा हिशोब केला, तर गाडी वर्षाला अठरा हजार किलोमीटर पळायला हवी. रोजचे पन्नास. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीला ते जमायचं, ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या रस्त्यावरून कायमच्या गेल्या. रविवारच्या फेरीला ते जमणार नाही.

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला असं मी म्हणणार होतो. पण तुमच्यासाठी ही कोंबडी चार आण्याची नाही, हे पत्रावरून कळतं. वडील दर दसऱ्याला बॉनेटवर झेंडूची माळ घालायचे आणि पहिली चक्कर बसस्टँडपर्यंत मारायचे, हे तुम्ही कोटेशनचा विषय चालू असताना मध्येच लिहिलंय. तेव्हा हा खर्च हौसेचा आहे असं मोकळेपणाने मान्य करू. हौस वाईट नाही. माझ्याकडे येणारे लोक घराच्या किचन ट्रॉलीवर याहून जास्त उडवतात आणि त्याला ‘गुंतवणूक’ म्हणतात. मला फक्त एवढं बघायचंय की ही हौस कोणाच्या पैशाने होतेय.

तर तुमची आठ लाखांची एफडी. ती मोकळी रक्कम वाटते, पण तशी नाही. घरखर्च महिन्याला ५५ हजार, सहा महिन्यांचे झाले ३ लाख ३० हजार. ते हलवायचे नाहीत, कारण आईचं वय ७८ आणि आरोग्यविमा फक्त तुमचा, पत्नीचा आणि मुलीचा आहे. मुलीच्या उरलेल्या दोन वर्षांची फी वर्षाला १ लाख ८० हजारांप्रमाणे ३ लाख ६० हजार. बेरीज ६ लाख ९० हजार. खरोखर मोकळे आहेत ते १ लाख १० हजार. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

‘नाहीतर पर्सनल लोन काढतो, इलेक्ट्रिक गाडीच्या कर्जावर करसवलत आहे ना’ असंही तुम्ही लिहिलंय. ८० ईईबी कलमाखाली व्याजावर दीड लाखांपर्यंत वजावट होती, पण ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांना आणि इलेक्ट्रिक वाहन विकत घ्यायलाच. तो दरवाजा बंद झाला. निवृत्तीला पाच वर्षं असताना हौसेसाठी पर्सनल लोन, यावर मी जास्त लिहीत नाही.

प्रिन्स हॅरीच्या लग्नातल्या इलेक्ट्रिक जॅग्वारचा दाखला वाचून मात्र मजा वाटली. मे २०१८, विंडसर, १९६८ ची ई-टाइप. देखणी गाडी, वादच नाही. त्यानंतर जॅग्वारने अशा गाड्या विकायचं जाहीरही केलं होतं, आणि २०१९ च्या अखेरीस तो बेत थांबवला. टाटांचं भांडवल पाठीशी असलेल्या कंपनीला ही गणितं जुळवायला जड गेली. सांगलीच्या एमआयडीसी रोडवरच्या गाळ्यात ती कशी जुळली, हे तुमच्या विक्रेत्याला जरूर विचारा.

माझ्या एका अशिलाने चार वर्षांपूर्वी जुनी जीप अशीच करून घेतली. पहिलं वर्ष मजेत गेलं. मग एका पावसाळ्यात कंट्रोलरवर, म्हणजे मोटर चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीवर, लाल दिवा लागला आणि गाडी दारातच थांबली. बसवून देणाऱ्याने तोपर्यंत धंदा बदलला होता. कंट्रोलरचं सॉफ्टवेअर कुलूपबंद, त्यामुळे दुसरा कोणी हात लावेना. आठ महिने जीप ताडपत्रीखाली होती. माझ्या ऑफिसात बसून ते म्हणाले, ‘पेट्रोलवर होती तेव्हा कोपऱ्यावरचा पोरगासुद्धा कार्बोरेटर उघडायचा.’ सगळेच विक्रेते असे नसतात, चांगलं काम करणारेही आहेत. पण आर्थिक जोखीम म्हणून बघताना मी बॅटरीपेक्षा आधी हे विचारतो: पाच वर्षांनी हा माणूस फोन उचलेल का?

बॅटरीचंही एक आहेच. ती चालवून झिजते तशी नुसती उभी राहूनही म्हातारी होते. आठवड्यातले सहा दिवस शेडमध्ये असलेल्या गाडीत तुम्ही साडेसात लाखांतला सगळ्यात महागडा भाग नुसता मुरायला ठेवणार. शिवाय कोटेशनमधल्या चित्रात बॅटरीची पेटी डिकीत आहे. आईची व्हीलचेअर वाडीला जाताना कुठे ठेवता, तेवढं बघितलंत का?

मग काय करायचं? तुमच्या जुन्या मेकॅनिकने सगळ्या कामाचे ७० हजार सांगितलेत आणि तुम्ही ते ‘वाया जाणारे’ म्हणून बाजूला ठेवलेत. मी ते पुढे आणतो. ई-२० ची तुमची भीती अनाठायी नाही. इथेनॉल जुन्या रबराला खातं आणि पाणी धरतं. पण त्यात खराब होतं ते पेट्रोलच्या नळ्या, पंपाचा डायफ्राम, कार्बोरेटरची किट, टाकीचा तळ. हे सगळं बदलता येतं. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या घालायच्या, टाकी धुऊन घ्यायची, मिश्रण थोडं दाट करायला जेट बघून घ्यायचे, आणि टाकीत महिनोन्‌महिने शिळं पेट्रोल ठेवायचं नाही. मुलीला त्रास होतो तो धूर बहुतेक पिस्टन रिंगांचा किंवा व्हॉल्व्ह सीलचा असणार, मेकॅनिकच्या यादीत दोन्ही आहेत. ब्रेकचं काम मात्र यादीत नाही, ते घाला. ड्रम ब्रेकच्या गाडीत आईला बसवताय.

सत्तर हजार कामाचे, दहा हजार नोंदणीचे. ऐंशी झाले. मघाच्या एक लाख दहा हजारांत बसतात, आणि ब्रेकला तीस हजार उरतात. एफडी मोडताना आठ लाखांची एकच पावती असेल तर बँकेत विचारा, काही बँका थोडी रक्कम काढू देतात. नाहीतर पुढच्या मुदतीला तिचे चार तुकडे करून ठेवा.

इलेक्ट्रिक गाडी हवीच असेल, म्हणजे कॉलेजला रोज जायला, तर तो प्रश्न पद्मिनीपासून वेगळा करा. या पैशांच्या आसपास कारखान्यातून आलेली छोटी इलेक्ट्रिक मोटार मिळते. टियागो ईव्हीसारखी गाडी आठ लाखांच्या आसपास सुरू होते आणि बॅटरीला आठ वर्षांची वॉरंटी असते. एअरबॅग असतात. तेही आत्ता घ्या असं मी म्हणत नाही, मुलीची फी संपू दे.

आणि मुलीची फी संपल्यावर, म्हणजे साधारण २०२८ पासून, वर्षाचे १ लाख ८० हजार मोकळे होतील. त्यातले महिन्याला आठ हजार ‘पद्मिनी’ नावाच्या आरडीत टाका, उरलेले सात निवृत्तीच्या एसआयपीत. निवृत्त होईपर्यंत गाडीच्या नावावर तीन लाखांच्या आसपास जमा असतील. तोपर्यंत किटची किंमत उतरली, मंजुरीचा कागद मिळाला आणि मन तेच म्हणत असेल, तर तेव्हा मला पुन्हा लिहा. मी वेगळं उत्तर देईन. इंजिनाचा ब्लॉकच फुटला आणि कुर्ल्याच्या जुन्या बाजारातही दुसरा सापडला नाही, तरीही वेगळं उत्तर देईन. फक्त त्या वेळी काढलेलं इंजिन भंगारात देऊ नका, ग्रीस लावून कोपऱ्यात ठेवा. २०४६ मध्ये गाडीला पन्नास वर्षं होतील. २०२१ च्या नियमांप्रमाणे विंटेज नोंदणी मूळ स्वरूपातल्या गाडीलाच मिळते, आणि तेव्हा गाडी तुमच्या मुलीच्या ताब्यात असेल.

आता नोव्हेंबरचं. मुदत संपण्याच्या साठ दिवस आधीपासून अर्ज घेतात, फॉर्म २५. म्हणजे सप्टेंबरात. उशीर झाला तर महिन्याला पाचशे रुपये दंड चढतो. ऑगस्टमध्येच काम उरकून पीयूसी काढा, गणपतीत मेकॅनिक सापडत नाहीत. आणि आरसी अजून वडिलांच्या नावावर असेल, पत्रात तुम्ही ते स्पष्ट केलेलं नाही, तर आधी वारसाहक्काने हस्तांतरण लागेल. त्याला आईची आणि बहिणीची संमती लागते, सह्या आत्ताच घेऊन ठेवा.