सोलेनॉइडचा कोड आला म्हणून लगेच गिअरबॉक्स उघडू नकोस

पी०७५३ हा स्कॅनरवरचा कोड म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधल्या शिफ्ट सोलेनॉइड ‘ए’च्या (गिअर बदलायला तेल सोडणारा विजेवरचा व्हॉल्व्ह) सर्किटमध्ये विजेचा बिघाड. सोलेनॉइडच गेला, असं तो कोड म्हणत नाही. वायर, कनेक्टर, अर्थिंग, क्वचित टीसीएमसुद्धा (गिअरबॉक्स चालवणारा कॉम्प्युटर) असू शकतो. तेव्हा पार्टवाल्याला फोन लावण्याआधी मीटर काढ.

इग्निशन बंद कर, गिअरबॉक्सवरचा कनेक्टर सोड आणि आधी नुसता बघ. ठाण्यात पावसाळ्यात पाण्यातून गेलेल्या गाड्यांच्या पिना हिरव्या पडलेल्या सापडतात. कनेक्टरमध्ये तेल दिसलं तर आतलं सील गेलंय.

मग सोलेनॉइडचे ओहम, म्हणजे रोध, मोज. साध्या ऑन-ऑफ सोलेनॉइडचं रीडिंग बहुधा १० ते ३० ओहममध्ये येतं, पण खरा आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलचाच धर. अनंत आलं तर कॉइल किंवा आतली वायर तुटलेली, शून्याच्या जवळ आलं तर शॉर्ट. इथे बरोबर आलं, तर कनेक्टर परत जोडून तेच माप टीसीएमच्या बाजूने वायरिंगमधून घे. तिथे फरक पडला की दोष हार्नेसचा, म्हणजे वायरिंगच्या जुडग्याचा.

खरी डोकेदुखी गरम झाल्यावरच येणारा कोड. सकाळी गाडी गुणी बाळ, घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये तासभर रखडली की तिसरा गिअर गायब! ती गरम असतानाच मोज. तांब्याचा रोध तापमानाबरोबर वाढतो, २० वरून ९० अंशांवर साधारण पाव हिश्शाने. तेवढी वाढ बिघाड समजू नकोस. मीटर लावलेला ठेवून हार्नेस हलव. आकडा उडाला तर तिथेच शोध.

आणि लिनियर सोलेनॉइडला (नुसता ऑन-ऑफ न होता दाब कमी-जास्त करणारा) थेट १२ व्होल्ट लावू नकोस, जळेल.